एकाच डोंगराची दोन मापे : पेडणे व डिचोली तालुक्यांतील जंगल, खाण आणि कार्बनविषयक कायद्यांचा इतिहास

प्रस्तावना

हवामानबदलाचा कायदा हा विषय महाविद्यालयांतून शिकवला जातो तेव्हा त्याचा आरंभ बहुधा १९९२ च्या रिओ परिषदेपासून केला जातो. त्यानंतर १९९७ चा क्योटो करार, २०१५ चा पॅरिस करार, भारताने दिलेली वचने असा क्रम येतो. हा क्रम बरोबर आहे. परंतु त्यात गाव दिसत नाही. हे सर्व करार आपल्या तालुक्यात नेमके कोणत्या कायद्याच्या रूपाने उतरतात, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर सहज उत्तर देता येत नाही. प्रस्तुत लेखात गोव्यातील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांच्या आधारे या प्रश्नाचा इतिहास पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

हवेतील कार्बन पकडून ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला यंत्राचा. कारखान्यातून किंवा वायुविहिरीतून निघणारा कर्बवायू वेगळा काढून भूगर्भात खोल सोडायचा. नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातील तेल व वायू उत्पादनावर कर्बवायूचा कर बसवला आणि १९९६ पासून स्लाइपनर या वायुक्षेत्रात दरवर्षी सुमारे १० लाख टन कर्बवायू समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात साठवला जाऊ लागला. करामुळे वायू हवेत सोडणे महाग झाले, म्हणून तो जमिनीत गेला. युरोपीय संघाने २००९ मध्ये अशा साठवणुकीसाठी स्वतंत्र निर्देश काढले. भारतात नीती आयोगाने २०२२ मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. मात्र संसदेने त्यासाठी स्वतंत्र अधिनियम केलेला नाही.

दुसरा मार्ग झाडे, माती आणि खारफुटी यांचा. भारताने पॅरिस करारासाठी २०१५ मध्ये जे वचन दिले त्यात २०३० पर्यंत वाढीव जंगल व वृक्षाच्छादनाद्वारे २५० ते ३०० कोटी टन कर्बवायूइतके अतिरिक्त शोषण निर्माण करण्याचा समावेश आहे. म्हणजे आपल्याकडे कार्बन पकडण्याचा कायदा शोधायचा तर तो जंगल, खाण आणि किनारा यांच्या कायद्यांत शोधावा लागतो. या कायद्यांचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. प्रत्येक कायद्याने काहीतरी मोजले आहे, आणि जे मोजले गेले नाही ते संरक्षणाबाहेर राहिले आहे.

नव्या काबिजादी आणि लाकडाचे माप

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके गोव्याच्या इतिहासात 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात मोडतात. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. पेडणे राज्याच्या उत्तर टोकाला असून तेरेखोल नदीपलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. डिचोलीला लागून महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुका आहे. उत्तर व मध्य गोव्यात म्हादई, बोंडला ही अभयारण्ये आहेत. परंतु ती अनुक्रमे सत्तरी व फोंडा तालुक्यांत येतात. पेडणे व डिचोलीत एकही अभयारण्य नाही. ही बाब महत्त्वाची आहे, कारण येथील हिरव्या डोंगरांना वन्यजीव कायद्याचे कुंपण नाही. त्यांचे भवितव्य खाजगी जंगल, वृक्षसंरक्षण आणि पर्यावरण मंजुरी यांविषयीच्या नियमांवरच अवलंबून राहिले आहे.

पोर्तुगीज प्रशासनाने १८५१ मध्ये गोव्यात स्वतंत्र वनप्रशासन सुरू केले. त्या काळच्या युरोपीय सत्तांप्रमाणेच त्यामागील हेतू प्रामुख्याने लाकडाचा होता. जहाजे व इमारती यांसाठी सागवान आणि इतर चांगले लाकूड हवे होते. डोंगरउतारावर जंगल जाळून केली जाणारी कुमेरी शेती या दृष्टीने शत्रू ठरली. जंगल म्हणजे लाकडाचा साठा, हे या कायद्यांचे गृहीतक होते. माती, झरे किंवा हवा यांचा हिशेब त्यात नव्हता. तरीही त्या नियमांमुळे काही जंगल टिकले, हे नाकारता येत नाही.

डिचोली : खनिजाचे माप

विसाव्या शतकात डिचोलीचा इतिहास खाणींनी बदलला. २० सप्टेंबर १९०६ च्या पोर्तुगीज हुकुमानुसार वसाहतींमध्ये खनिजासाठी कायमस्वरूपी सवलती दिल्या जात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद उद्योगाची मागणी वाढली आणि डिचोली, शिरगाव, मये, मुळगाव या परिसरातील डोंगर लोहखनिजासाठी उघडले गेले. नद्यांतून बार्जेस मुरगाव बंदराकडे जाऊ लागल्या.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतरही या सवलती चालू राहिल्या. १९८७ मध्ये संसदेने स्वतंत्र अधिनियम करून त्या रद्द केल्या आणि २० डिसेंबर १९६१ पासून त्यांचे रूपांतर १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखालील खाणपट्ट्यांत केले. कायमची मालकीवजा सवलत गेली आणि मुदतीचा पट्टा आला. पुढच्या सर्व कायदेशीर वादाचे मूळ या बदलात आहे.

नंतर चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून सुमारे ५ कोटी टन खनिज निर्यात झाले. एक टन खनिजासाठी साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला काढावा लागतो. त्याचे ढिगारे डोंगरउतारावर उभे राहिले. पावसाळ्यात ती लाल माती वाहून शेतात आणि ओढ्यांत उतरली. शिरगावसारख्या गावात खाणीचे खड्डे भूजलपातळीच्या खाली गेले आणि विहिरींचे पाणी ओसरले. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यानंतर राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली.

२१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल दिला. पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, त्यामुळे त्यानंतरचे खाणकाम बेकायदा ठरते, असे न्यायालयाने सांगितले. वार्षिक उत्पादनावर तात्पुरती २ कोटी टनांची मर्यादा घातली. विक्रीच्या रकमेतील १० टक्के भाग भावी पिढ्यांसाठी कायम निधीत जमा करण्याचा आदेशही दिला. खनिज ही केवळ आजच्या पिढीची मालमत्ता नाही, हा विचार यामुळे प्रथमच आकड्यांत उतरला. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने लिलाव सुरू केले तेव्हा पहिल्या चार ब्लॉकपैकी तीन, म्हणजे डिचोली, शिरगाव-मये आणि मोंत-द-शिरगाव, डिचोली तालुक्यातलेच होते.

या बंदीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ट्रकमालक, बार्जवरचे कामगार, गॅरेजवाले, खानावळवाले अशा हजारो कुटुंबांचे उत्पन्न एका निकालाने थांबले. ट्रकसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. हवामानाच्या कायद्याची चर्चा करताना या कुटुंबांना वगळले तर ती चर्चा अपुरी राहते.

येथे मोजमापाचा मुद्दा पुन्हा येतो. २०१४ च्या निकालाने टन मोजले, वर्षे मोजली, पैसा मोजला. पण खाणीसाठी डोंगर सोलताना त्यावरील झाडांत व मातीत साठलेला किती कार्बन मोकळा झाला, याचा हिशेब या वादाच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही. निर्यात झालेल्या खनिजापासून पोलाद बनवताना निघणारा कर्बवायू ज्या देशात भट्टी आहे त्या देशाच्या खात्यावर लिहिला जातो. डिचोलीच्या खात्यावर केवळ रॉयल्टी नोंदली गेली.

१९९६ : जंगल कशाला म्हणावे?

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एन. गोदावर्मन प्रकरणात जो आदेश दिला त्याने भारतातील वनकायद्याची दिशा बदलली. सरकारी दप्तरात जंगल म्हणून नोंद असो वा नसो, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे जंगल आहे त्यालाही १९८० चा वनसंरक्षण अधिनियम लागू होईल, असे न्यायालयाने ठरवले. अशी जंगले ओळखण्यासाठी प्रत्येक राज्याने तज्ज्ञ समिती नेमावी, असेही सांगितले. गोव्यात त्यानुसार सावंत समिती (१९९७) आणि करापूरकर समिती (२०००) नेमल्या गेल्या. पुढेही आणखी समित्या आल्या.

गोव्यात खाजगी जंगल ओळखण्यासाठी तीन निकष वापरले जातात. झाडांपैकी ७५ टक्के वनप्रजाती असाव्यात. एकट्या पडलेल्या जागेचे क्षेत्र किमान ५ हेक्टर असावे. झाडांच्या शेंड्यांची छाया किमान ४० टक्के जमिनीवर असावी. हे निकष फार कडक आहेत, असा आक्षेप घेऊन गोवा फाउंडेशनने दाद मागितली होती. २४ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकष कायम ठेवले.

आता याशेजारी दुसरे माप ठेवून पाहावे. भारतीय वन सर्वेक्षण ही केंद्रीय संस्था उपग्रहचित्रांवरून देशाचे वनाच्छादन मोजते. तिच्या व्याख्येनुसार किमान १ हेक्टर जमिनीवर १० टक्के छाया असली की ते वनाच्छादन होते. मालकी, कायदेशीर दर्जा किंवा झाडाची जात पाहिली जात नाही. काजूची बागही त्यात येते, नारळाची बागही येते. या मापाने गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी सुमारे ६० टक्के भाग वनाच्छादित ठरतो. देशाच्या कार्बनसाठ्याचे अंदाजही याच सर्वेक्षणाच्या आधारे बांधले जातात.

याचा अर्थ असा की डिचोलीतील एखादा एकटा, चार हेक्टरांचा दाट झाडीचा डोंगर, किंवा पेडण्यातील ३५ टक्के छाया असलेला मोठा उतार, देशाच्या कार्बनच्या हिशेबात जंगल म्हणून जमेस धरला जातो. पण तोडण्याच्या वेळी कायद्याच्या दृष्टीने जंगल ठरत नाही. जमेची बाजू एका मापाने आणि संरक्षण दुसऱ्या मापाने, अशी ही स्थिती आहे.

कडक निकषांच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो डावलता येणार नाही. काजूच्या बागेला जंगल ठरवले तर बागायतदाराला स्वतःच्याच जमिनीत साधा बदल करण्यासाठी केंद्राच्या मंजुरीची वाट पाहावी लागेल. ज्या कुटुंबाने तीन पिढ्या झाडे राखली त्यालाच कायद्याचा जाच होईल. ही भीती खरी आहे. परंतु जंगल नसलेल्या प्रत्येक हिरव्या जमिनीला मग दुसरे कोणते संरक्षण आहे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात शोधावे लागते. त्यानुसार झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि बदली झाडे लावावी लागतात. हा कायदा झाड मोजतो, डोंगर मोजत नाही. शिवाय 'झाड' या शब्दाची व्याख्याही बदलू शकते. २०१६ मध्ये नारळ या व्याख्येतून वगळला गेला आणि लोकांच्या विरोधानंतर २०१७ मध्ये तो पुन्हा आत घेऊन त्याला राज्यवृक्षाचा मान देण्यात आला.

पेडणे : मोपाचा सडा आणि कार्बनचा पहिला हिशेब

पेडणे तालुक्यातील मोपा हा जांभ्या दगडाचा सडा. पावसाचे पाणी या दगडात मुरते आणि पायथ्याच्या गावांत झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. या सड्यावर नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी २८ ऑक्टोबर २०१५ रोजी पर्यावरण मंजुरी देण्यात आली. हनुमान लक्ष्मण आरोसकर आणि फेडरेशन ऑफ रेनबो वॉरियर्स यांनी तिला राष्ट्रीय हरित लवादापुढे आव्हान दिले. ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाने जादा अटी घालून मंजुरी कायम ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

२९ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांच्या पीठाने मंजुरी स्थगित केली. प्रकल्पाच्या अर्जात परिसरातील जंगल व पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र यांची आवश्यक माहिती दिलेली नव्हती, हे त्याचे मुख्य कारण होते. सीमेपलीकडे सिंधुदुर्गातील गावे पश्चिम घाटाच्या संवेदनशील पट्ट्यात येत असूनही अर्जात त्यांचा उल्लेख नव्हता. झाडांचा प्रश्नही मोठा होता, कारण ५० हजारांहून अधिक झाडे तोडली जाणार होती. पर्यावरणाच्या बाबतीतही कायद्याचेच राज्य असले पाहिजे, या तत्त्वाचे सविस्तर विवेचन या निकालात आहे. विषय शिकवणाऱ्या अध्यापकांनी हा निकाल मुळातून वाचावा असा आहे.

तज्ज्ञ समितीने पुन्हा विचार करून जादा अटी सुचवल्या आणि १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठवली. या निकालात हवामानाच्या दृष्टीने लक्षणीय अशी एक गोष्ट आहे. बांधकाम आणि प्रत्यक्ष कामकाज या दोन्ही टप्प्यांत 'शून्य कार्बन कार्यक्रम' राबवण्याची हमी विमानतळ बांधणाऱ्या कंपनीने दिली आणि ती न्यायालयाने नोंदवून घेतली. अटींच्या पालनावर देखरेख ठेवण्याचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे, म्हणजे 'नीरी'कडे, सोपवले. तोडलेल्या झाडांच्या दहापट झाडे लावण्याची जबाबदारीही आली. विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली.

पेडण्यात न्यायालयीन अटीच्या रूपाने कार्बन हा शब्द असा आला. ही प्रगतीच आहे. मात्र त्या हिशेबात काय येते हे पाहणे आवश्यक आहे. विमानतळाच्या कार्बनखात्यात प्रथम येते ती इमारतीची वीज, वातानुकूलन, धावपट्टीवरील वाहने. विमान आकाशात असताना जाळत असलेले इंधन बहुतांशी विमान कंपनीच्या आणि देशाच्या खात्यात जाते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०१६ मध्ये स्वतंत्र जागतिक योजना ठरवली गेली. सड्यावरून गेलेल्या झाडांचा आणि उकरलेल्या मातीचा कार्बन मात्र झाडांच्या संख्येत बदलला जातो. पन्नास वर्षांच्या झाडाची जागा दहा रोपे घेऊ शकतात का, याचे उत्तर रोपांच्या आकड्यात नसते. ती किती जगली, किती वाढली आणि कोणत्या मातीत लावली गेली, यावर ते अवलंबून असते.

किनारा आणि खाजने

पेडण्याला समुद्रकिनारा आहे, तसाच शापोरा आणि तेरेखोल या नद्यांचा खारट पट्टाही आहे. खारफुटीच्या चिखलात प्राणवायू कमी असल्याने पालापाचोळा सावकाश कुजतो आणि त्यातील कार्बन दीर्घकाळ टिकतो. खाजनात बांध आणि मानस यांच्या साह्याने खारे पाणी अडवून कोरगुट भाताचे पीक घेतले जाते. शेतकऱ्यांनी सामुदायिकरीत्या सांभाळलेली ही जुनी व्यवस्था आहे. समुद्राची पातळी वाढत असताना गावाला पुरापासून वाचवणारी पहिली भिंत हे बांधच आहेत.

किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. खाजन जमिनींचे संरक्षण आणि खारफुटीचे व्यवस्थापन यांचा त्यात उल्लेख झाला. कासवांच्या प्रजननासाठी मांद्रे, मोरजी, गालजीबाग व आगोंद या किनाऱ्यांना संरक्षण मिळाले. यांपैकी मांद्रे आणि मोरजी ही पेडण्यातील गावे आहेत. येथेही कायद्याने कासव, वाळू, भरतीरेषा ही मापे घेतली. कार्बनचा उल्लेख नसतानाही त्यातून तो वाचला.

देशपातळीवरील नवे कायदे

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८-अ व ५१-अ (छ) घटनेत आले. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन अधिनियमात दुरुस्ती होऊन कार्बन क्रेडिटच्या व्यापाराला कायदेशीर पाया मिळाला आणि २८ जून २०२३ रोजी त्याची योजना अधिसूचित झाली. २१ मार्च २०२४ रोजी एम. के. रणजितसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क अनुच्छेद १४ व २१ मधून मान्य केला. मूळ प्रकरण राजस्थान-गुजरातमधील माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांचे होते. परंतु मान्य झालेला हक्क शिरगावच्या आणि मोपाच्या रहिवाशांचाही आहे.

हक्क मान्य झाला तरी तो बजावण्यासाठी पुरावा लागतो, आणि पुरावा मोजमापातून येतो. गावापाशी आज कार्बनचे माप नाही. गावापाशी आहे तो सर्व्हे क्रमांक आणि एक-चौदाचा उतारा.

निष्कर्ष

पेडणे व डिचोलीच्या इतिहासात कायद्याने क्रमाने लाकूड, खनिज, जंगल, किनारा आणि अखेरीस कार्बन मोजला. प्रत्येक नवे माप जुन्या मापातील उणीव दाखवत आले. मात्र ही मापे अद्याप एकत्र आलेली नाहीत. ज्या डोंगराची हिरवाई देशाच्या जमेत धरली जाते त्या डोंगराला त्या जमेच्या प्रमाणात संरक्षण आणि तो राखणाऱ्या बागायतदाराला त्या प्रमाणात मोबदला, असे कायद्याने जोडले गेले तर काजूवाल्याची भीती आणि डोंगराची हानी या दोहोंवर उपाय निघू शकतो. डोंगर राखणाऱ्याला केवळ बंधन देणारा कायदा फार काळ टिकत नाही, हे नारळाच्या व्याख्येवरून आणि खाणबंदीच्या वर्षांवरून दिसून आले आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांना या विषयात करण्यासारखे एक काम आहे. विद्यार्थ्यांना आपल्या गावातील एक डोंगर निवडायला सांगावे. त्याचा एक-चौदाचा उतारा, वनाच्छादनाचा नकाशा आणि खाजगी जंगलांची यादी शेजारी ठेवावी. तिन्ही कागद एकाच जमिनीविषयी काय सांगतात हे लिहून काढावे. जेथे ते एकमेकांशी जुळत नाहीत, तेथील डोंगर आज सर्वांत असुरक्षित आहे. अशा दहा-वीस डोंगरांची नोंद झाली तरी ग्रामसभेपुढे ठेवण्यासारखा पुरावा तयार होईल.